पावती

"धुरीबाई गेल्या. मुलगा बडोद्याहून निघालाय,
पोचायला दुपार होईल. बर्फ लागेल,"
एवढंच बोलला नगरपंचायतीचा शिपाई.
रात्रीचे अकरा. मी शटर वर केलं.

चार लाद्या.
भुशातून ओढल्या, गोणपाटात गुंडाळल्या.
बांगडा लागलेला, देवगड बंदरात बोटींची रांग,
अशा दिवसांत एकेका लादीवरून बाचाबाची होते.
त्या रात्री कोणी काही बोललं नाही.
एका तांडेलाने टेम्पोला हात लावला.

ह्याच दारात त्या उभ्या राहायच्या
पोलिओच्या रविवारी, उजाडायच्या आत,
खांद्याला लशीचा निळा डबा,
निवृत्त होऊन वीस वर्षं झालेली.
"अर्धा किलो चुरा. आणि पावती."
बाई, अर्ध्या किलोची कसली पावती?
"डोस सरकारचा आहे, तुझ्या बापाचा नाही."
मी लिहायचो. त्या वाचायच्या.
मग पर्समधून लाल पेन.
"रफार कोणाच्या डोक्यावर?"
मी चव्वेचाळीस वर्षांचा, हातात बर्फाचा आकडा,
मागे खलाशी खोळंबलेले.
फच्या, बाई.
"मग बच्या डोक्यावर का ठेवलास? त्याने काय केलंय?"

चौथीत मी दोनदा बसलो.
भर वर्गात त्यांनी मला ढ म्हटलं होतं.
एकदा, पावतीची घडी घालताना,
त्या हळूच म्हणाल्या, "तेव्हा मी चुकले,"
की म्हणाल्या, "तेव्हा तू चुकलास?"
कॉम्प्रेसर चालू होता.
परत विचारायचं धाडस झालं नाही.

त्यांच्याकडे एक दोनशे पानी वही होती.
तिच्यात गावाचं रक्त,
आडनावाप्रमाणे नाही, हाकेच्या अंतराप्रमाणे:
कोण पाच मिनिटांत येईल, कोण अर्ध्या तासात,
कोण समुद्रावर असेल तर कधी.
ओ निगेटिव्ह तिघेच. एक खलाशी, एक मी, एक त्या.
पासष्ट झाल्यावर डॉक्टरांनी त्यांचं नाव कापलं
तेव्हा महिनाभर त्या डॉक्टरांशी बोलल्या नाहीत.
माझ्या नावापुढे लिहिलं होतं:
"येतो. पण जेवून आलाय का ते विचारणे."

हेही सांगायला हवं,
नेलेली छत्री त्यांनी कोणाचीच परत केली नाही.
चहा गुळमट करायच्या, आणि दुसरा कप घ्यायला लावायच्या.

ओटीवर आम्ही लाद्या लावल्या.
डोक्याशी एक, पायाशी एक, दोन कुशींना.
एवढ्याशा बाई. एक्क्याण्णव वर्षं, आणि लादीपेक्षा अरुंद.
कोपऱ्यात बसलेली काशीबाय सारखी तेच म्हणत होती,
"बाईन माजो अंगठो पुसल्यान गो,
माका सही शिकवल्यान."
कोणाला म्हणजे कोणालाच नव्हे,
आपल्याच उजव्या हाताला सांगत होती.

पहाटे बर्फाचं पाणी उंबऱ्याखालून अंगणात आलं,
आलेल्यांच्या चपला भिजल्या.
फाटकावर फ्लेक्स लागला: "भावपूर्ण श्रध्दांजली."
द आणि ध उलटे.
मी वाचलं, आणि माझा हात
आपोआप खिशाकडे गेला, लाल पेनाकडे,
जे माझ्याकडे कधीच नव्हतं.

मुलाने विचारलं, बर्फाचे किती झाले?
काही नाही, म्हटलं. तो रडला तेव्हा पहिल्यांदा.

फॅक्टरीत परत येऊन पुस्तक काढलं. कार्बन घातला.
नाव: श्रीमती शेवंती धुरी, शिक्षिका.
माल: बर्फ, चार लाद्या.
रक्कम: निरंक.
रफार नीट, फच्या डोक्यावर.
तरी दोनदा वाचून पाहिलं.

वरची प्रत अजून फाडलेली नाही.
धक्क्यावरून कोणीतरी ओरडतंय,
चुरा टाक लवकर,
मासा उन्हात आहे.