खोटा कान

एल आल्तोला, चार हजार मीटरवर,
हवा इतकी विरळ की इंजिन ठोकतसुद्धा नाही.
ठोकायलाही दम लागतो.
खाली युंगासात उतरून, कॉफीची पोती लादून
परत चढाला लागलं की मात्र
पत्र्याच्या डब्यात कुणी हरभरे हलवावेत तसा आवाज.

"पण दिवा लागत नाही," गाडीवाला सांगतो
शपथेवर सांगावं तसं.
स्कॅनरही म्हणतो, सगळं आलबेल.
एकवीस वर्षांच्या गाडीत सगळं आलबेल?
हेर्मिनियाला तिथेच शंका येते.

रेस दोन हजारांवर धरून
टायमिंग लाइटच्या उजेडात
ती पान्याने ब्लॉकवर टकटक करते,
सेन्सरच्या शेजारी, बेताने.
धडधाकट इंजिन दचकलं असतं,
ठिणगी अंशभर मागे घेतली असती.
हे ढिम्म.
पुन्हा, जरा जोरात.
ढिम्म.

मग वायरचा माग.
मॅनिफोल्डच्या मागे हात जातो, मनगट अडकतं,
बोटांना टेपची गुंडाळी लागते.
आत सेन्सरची वायर नाहीच.
ज्वारीच्या दाण्याएवढा एक रेझिस्टर
कॉम्प्युटरला वर्षानुवर्षं सांगत बसलेला:
शांत आहे, सगळं शांत आहे.

डाख मात्र देखणा.
टेपचं शेवटचं टोक आत दुमडलेलं.
असं टोक दुमडणारा माणूस
बाहेर उन्हात टायरवर बसून
भाजलेला मका चघळतोय.
"ताता, हे तुम्ही?"
त्याला ऐकू जात नाही. ती तळहात पुढे करते.

बराच वेळ बघतो.
"त्याची बायको अडली होती.
नवा सेन्सर यायला तीन आठवडे,
आणि त्याला त्याच रात्री घाट उतरायचा होता."
मक्याचा दाणा दाढेखाली फुटतो.
"नंतर ये म्हटलं होतं. आला नाही."
तेव्हापासून गाडी चौथ्या हातात.

नवा सेन्सर ती टॉर्कच्या पान्याने बसवते, टक् होईपर्यंतच.
फार आवळला तर भलतंच ऐकतो,
सैल राहिला तर काहीच नाही.

मग म्हाताऱ्याला उठवून आणते,
त्याचा हात मडगार्डवर ठेवते,
पान्याने टकटक करते.

"घाबरलं," तो म्हणतो.
आणि हसतो.

गाडीवाला दोघांकडे बघत राहतो:
म्हणजे चांगलं, की वाईट?