दोन बाटल्या

रिगातल्या फडताळात दोन बाटल्या.
एकीत हिरवे स्फटिक, एकीत जांभळे.
अक्षर दार्ताचं, झ्युरिकच्या तळघरातलं,
जिथं भरदुपारी गॅसबत्ती लागायची
आणि डोळ्यांत पाणी यायचं ते अमोनियानं,
असं ती घरी लिहायची.

माल दोन्हींत तोच:
एक कोबाल्ट, चार अमोनिया, तीन क्लोरीन.
हिरव्यात दोन क्लोरीन बसतात समोरासमोर,
जांभळ्यात शेजारी शेजारी.
तिसरा उंबऱ्याबाहेर.
सिल्व्हर नायट्रेटचा थेंब पडला
की तो हाकेसरशी येतो, पांढराफटक होऊन.
आतले दोघं लवकर ओ देत नाहीत.

तेव्हा भांडण होतं: साखळी, की सहा कोपरे?
साखळी हरली.

मग भाच्याचा मुलगा, इंद्रिकिस, विद्यापीठातून आला.
‘इलेक्ट्रॉनच्या जोड्या दान करतात, मावशी.’
पुढच्या हिवाळ्यात म्हणाला, ‘दानबिन काही नाही,
नुसता विद्युतभारांचा रेटा. पाच कक्षा फुटतात,
तीन खाली, दोन वर,
मधल्या फटीत प्रकाश गिळला जातो.’
त्याच्या पुढच्या हिवाळ्यात, जरा ओशाळून,
‘थोडी वाटणी असतेच म्हणे.’
दार्ता बटाटे सोलत होती.
‘असेल,’ म्हणाली. ‘मीठ दे.’

फ्राउ ऱ्यूगच्या खाणावळीत सहाजणांचं टेबल होतं.
ओटमार वर्षभर तिच्या समोर बसला.
एकदाच, मार्चमध्ये, कुणी आजारी पडलं
आणि तो शेजारी आला.

जांभळा सहजी होत नाही.
तापवताना जरा चुकलं की हिरवा.
ती बाटली पहिल्यापासूनच
तळाशी बोटभर.