तुरळक ठिकाणी

उष्ण व दमट.
दुपारपाळीला आल्या आल्या मी हे टंकते
बेलापूरच्या नियंत्रण कक्षात,
मनगट टेबलाच्या काचेला चिकटतं,
सुटताना आवाज करतं.
एसी सर्व्हरच्या खोलीत आहे. आम्हाला पंखा.

कमाल पस्तीस. आर्द्रता पासष्ट टक्के.
म्हणजे अंगाला भासणार सेहेचाळीस,
पण भासण्यासाठी तक्त्यात रकाना नाही,
ते ज्याचं त्याने भासून घ्यायचं.
ठाणे व रायगड जिल्ह्यांत तुरळक ठिकाणी
विजांच्या कडकडाटासह हलक्या सरी, सोसाट्याचा वारा.
इशारा : पिवळा.

तुरळक.
कुणीतरी मूठ उघडली
आणि कुठे पडलं ते वळून पाहिलं नाही, असा शब्द.
शेलार ताडगोळे सोलता सोलता म्हणतो,
‘त्याच्यावर तर आपली नोकरी आहे, मॅडम.
तुरळक म्हटलं की माणूस खोटा ठरत नाही.’

चार वाजता गोठिवलीहून जनार्दन मढवी.
‘पोऱ्याची हलद हाय आज. हजार पानं. पाऊस परंल काय?’
मी वाचून दाखवलं, स्वल्पविरामांसकट.
‘गोठिवली हाय का त्यान?’
जिल्हा आहे, म्हटलं.
‘जिल्ह्याची हलद नाय ओ, आमचे हितेनची हाय.’
मग मी इशाऱ्याचा रंग सांगितला.
पलीकडे जरा शांतता, मग हसणं.
‘पिवला? मंग शुभच की!’

पाचनंतर खारघरच्या डोंगरामागून ढग वर आले,
रात्रभर झाकून ठेवलेल्या पिठासारखे,
कडेने फसफसत, पातेल्याबाहेर.
खाडीकडचा वारा थांबला.
एका रंगाऱ्याचा फोन : सोळाव्या मजल्यावर झोपाळ्यात आहे, उतरू का?
उतरा.
एवढं मात्र मी ठाम सांगितलं.
मजुरी कापतील, म्हणाला.
तेही लिहून घेतलं. कुठल्या रकान्यात, ते विचारू नका.

रात्री बेलापुरात थेंब नाही.
चौकातला सिग्नल घामेजल्यासारखा लाल.
साडेनऊला पुन्हा गोठिवलीचा नंबर,
शिवी येईल म्हणून रिसीव्हर कानापासून लांब धरला.

त्यात पाऊस होता.
पत्र्यावरचा वेगळा, ताडपत्रीवरचा वेगळा,
पालथ्या टोपांवरचा तर मोजता यावा असा.
वीज झाली की लाईन खरखरायची.
बायकांचा हसरा गलका, कुणीतरी ‘स्पीकर झाका रं’,
आणि बेंजो बंद पडला म्हणून
आता कुठे ऐकू येणारी धवलारीण,
वय झालेला आवाज,
काही न झाल्यासारखा पुढच्या ओळीवर जाणारा.

‘आयकाला येतंय ना?’ मढवी ओरडले.
‘हलद धुऊन चालली पोऱ्याची. थांबंल कवा, तवरं सांगा.’

मी खिडकीबाहेर पाहिलं. कोरडा रस्ता,
कोरड्या रस्त्यावर झोपलेलं कोरडं कुत्रं.
म्हणाले, मला माहीत नाही.
नऊ वर्षांच्या नोकरीत हे वाक्य
मी पहिल्यांदाच पूर्ण बोलले असेन.

‘बरा,’ म्हणाले, आणि फोन ठेवलाच नाही,
तसाच खिशात टाकला असावा.
शेलारने भुवयांनी विचारलं,
मी ओठांवर बोट ठेवलं.
अकरा मिनिटं ऐकत राहिले
दहा-बारा मैलांवरचा पाऊस,
कापडाच्या आतून.

नोंदवही : गोठिवली, ९.३० ते ९.४१.
जीवितहानी निरंक.
वित्तहानी, मांडवाचं कापड, अंदाजे.
शेरा या जागी मी बराच वेळ पेन टेकवून होते,
शाईचा एक ठिपका पडला, तो खोडला नाही.

दुसऱ्या दिवशी कालचीच फाईल उघडली.
उष्ण व दमट. तुरळक ठिकाणी.
त्या शब्दाशेजारी कर्सर लुकलुकत राहिला,
शेलार म्हणाला, पाठवताय ना, दोन वाजले.
तारीख बदलली,
मनगट काचेवरून सोडवलं.