धुकं उठेपर्यंत

रक्ताला इवालू कधी भ्यायली नव्हती.
सात वर्षांची होती, आजोबांनी सील फाडला,
घमेलं तिनेच धरलं होतं.

आज पहाटे चड्डीवर
बटणाएवढा डाग,
आणि हात थिजले.

फोनवर इलुलिसातच्या दवाखान्यातली बिर्थे:
रंग कसा?
कॉफीच्या गाळासारखा. नाही, थांब. आता लाल.
गाठी? एकाच कुशीत कळ? खांद्यात? घेरी?
इवालू एकेक सांगते,
दुसऱ्याच कुणाच्या घरातलं सामान मोजावं तसं.
आठवडा मात्र न विचारताच:
दहावा. बुधवारी अकरावा.

तासात दोन पॅड भिजले तर लगेच फोन कर.
आणि ऐक, जाळं ओढलंस म्हणून नाही हे.
हे तिने विचारलंच नव्हतं.

हिमनगांवर धुकं. हेलिकॉप्टर दुपारनंतर.
उसाक्काक कॅलेंडरच्या पाठीवर लिहितो:
सहा दहा, एक. सात चाळीस, अर्धा.
कालच्या शिकारीचं रक्त अजून त्याच्या नखांत.
दोघंही तिकडे बघत नाहीत.

नऊला पॅड जवळजवळ कोरडा.
याचा अर्थ काय, सोनोग्राफीआधी
बिर्थेलाही ठाऊक नाही,
आणि ती तसं सांगते.

इवालू बॅग भरते. कार्ड, लोकरी मोजे.
अर्धी विणलेली टोपी
बाहेर काढते,
मग सुयांसकट पुन्हा आत.