झोपलेल्या डोळ्याची उंची

हाप्सालूच्या त्या लाकडी घराच्या माळ्यावर
पहिल्यांदा चढलो तेव्हा डोकं आपटलं.
उतरत्या छताखाली असं व्हायचंच.
आढ्याखाली माणूस ताठ,
दोन पावलं वळचणीकडे सरकला
की मान लववतो, मग कंबर,
आणि शेवटी रांगतो.

राइवोनं कागद पुढे केला.
त्यावर खिडकी, बाण, आकडे:
खालची कड फळ्यांपासून नव्वद सेंटिमीटर,
वरची दोन मीटरच्या थोडी वर,
म्हणजे बसलेल्याला बाहेरचं दिसावं
आणि उभ्याच्या नजरेत चौकट येऊ नये.
बरोबरच होतं. मीही हेच सांगतो.
हेही सांगतो, की पाखं जितकं मंद उतरतं
तितकी खिडकी लांब लागते,
ताठ छपराला आखूड पुरते.
(माणसांचंही तसंच का, असं एकदा
हाताखालच्या पोरानं विचारलं होतं.
मी त्याला खिळे मोजायला बसवलं.)

"राहणार कोण इथं?"
"आई."
"उंची किती?"
राइवो गप्प.
आईची उंची कुणाला ठाऊक असते?

खालच्या खोल्या उन्हाळी पाहुण्यांना द्यायच्या होत्या.
मी त्यात पडलो नाही.

माइमू वर आली,
एकेका पायरीवर श्वास टेकवत.
म्हटलं, "दिवसातला जास्त वेळ कशा असता?
बसून, की उभ्या?"
तिनं कोटाचं वरचं बटण लावलं
आणि सरळ फळ्यांवर आडवी झाली,
उजव्या कुशीवर, तळहात गालाखाली.
"अशी," म्हणाली. "नोव्हेंबर ते मार्च, अशी."

एकवीस वर्षं मी माळे बांधतोय.
बसलेला डोळा मोजला, उभा डोळा मोजला,
झोपलेल्या डोळ्याला कधी पट्टी लावली नव्हती.
दोन घोड्यांवर फळ्या टाकून खाट केली,
तिला पुन्हा निजवलं,
छपराची दोन पत्र्याची पानं उचकटली,
तिच्या पापणीपासून सुतळी धरली
आणि बाहेर बघ म्हणालो.

राइवो म्हणाला, "समुद्र दिसतो का गं?
हंस आलेत परत. बर्फाच्या कडेला आहेत."
"समुद्र राहू दे, तो काही कुठं जात नाही.
साल्मेचं धुराडं दाखवा."

गल्लीपल्याड साल्मे. चौऱ्याऐंशीची, एकटी.
सकाळी सातला तिची चूल पेटते.
"धूर दिसला की मी उठते.
आणि नाही दिसला तर..."
वाक्य तिथंच ठेवून तिनं कूस बदलली,
मग चुकलं म्हणून पुन्हा उजवीकडे वळली.

पेन्सिलीनं वाशावर खूण केली: पंचावन्न.
खाली न उघडणारी जाड काच,
वर झडप, हात पोचेल अशी.
राइवो कागदाकडे बघत राहिला.
"पंचावन्न? हे नियमात बसतं का?"
"बसत नाही," मी म्हणालो. "झोपतं."
माइमू आडव्याआडवी हसली.
फळ्या हलल्या.

ऑक्टोबरात बसवली.
जानेवारीत बिजागरी कुरकुरते म्हणून गेलो
तर खालच्या काचेवर बर्फाचा थर.
तिनं झाडूला लोकरी मोजा बांधून ठेवलेला,
झडप उघडून, खाटेवरूनच खाली सारायची.
धुराड्यापुरती ओंजळभर जागा मोकळी,
बाकी काच पांढरी.
बाकीच्याशी तिला कर्तव्य नव्हतं.

परत निघालो तर गल्लीत साल्मे,
दाराच्या चौकटीला धरून उभी.
"तूच ना रे तो, पलीकडच्या खिडकीवाला?
माइमू वर गेल्यापासून
तिचा दिवा दिसेना मला.
माझी खिडकी जरा वर घ्यायची आहे."

मी मोजपट्टी काढली नाही.
आत गेलो, टोपी काढली,
तिची खाट कुठंय ते विचारलं
आणि कुठल्या कुशीवर निजते, तेही.

"डावीवर," ती म्हणाली.