चुंबक

आयव्हर चुंबक फडक्यात गुंडाळतो,
माझ्या जुन्या फ्लॅनेल गाऊनच्या.
रंगावर ओरखडा नको म्हणून.
ज्याच्या गाडीचा रंग, त्याला त्याची पर्वा नसते,
पण आयव्हरला असते.

शेडमध्ये, सफरचंदांच्या रिकाम्या पेट्यांमागे
आमची एमजी आहे. म्हणजे होती.
सत्त्याऐंशीच्या मार्चपासून ताडपत्रीखाली.
गेल्या ईस्टरला ताडपत्री ओढली
तर दाराखालची पट्टी हातात आली,
चहात बुडवून विसरलेल्या बिस्किटासारखी.
इंजिन ठणठणीत. गिअरबॉक्स शाबूत.
चाकं, डायनामो, सगळं काढून
त्याने मुलांच्या खोलीत मांडलंय, लेबलं लावून.
जीव घरात आहे, कुडी नाही.

तेव्हा आम्ही कुडी बघत हिंडतो,
आमच्या वयाचे लोक
बिनजिन्याची घरं बघत हिंडतात तसे.

पहिली ऑक्सफर्डजवळ. कोरी करकरीत,
काळ्या प्रायमरमध्ये, साच्यातून नुकती निघालेली.
एकही वेल्ड हुकलेला नाही, म्हणाला विकणारा पोरगा.
आयव्हरने बोटांच्या पेरांनी वाजवून पाहिली,
मडकं घेताना वाजवतात तशी.
सगळीकडे एकच आवाज.
"छान आहे," तो म्हणाला, अगदी त्याच सुरात
ज्या सुरात माझ्या बहिणीच्या दुसऱ्या नवऱ्याला छान म्हणतो.
किंमत ऐकून मी चहा अर्धा टाकला.

दुसरी ब्रिस्टलच्या गोदीत, कॅलिफोर्नियाहून आलेली.
गंजाचा ठिपका नाही, उन्हाने रंगाची राख,
स्टीअरिंगचं भोक भलत्याच बाजूला.
दाराच्या पोकळीत हात घातला
तर मूठभर वाळू निघाली, आणि केसांची एक पिन.
पिन मी परत ठेवली.
कुणाचं तरी सामान.

तिसरी लेडबरीबाहेर, क्लाइव्ह हॉडनेटच्या खुराड्यामागे.
हिरवी, झुळझुळीत, फोटोत तर अप्सराच.
आयव्हर गुडघ्यावर बसला, म्हणजे प्रयत्न केला,
मी खांदा दिला.
चुंबक बॉनेटला चिकटलं. दाराला चिकटलं.
मागच्या चाकावरच्या गोलाईवर नेलं
आणि टपकन गवतात पडलं.
पुन्हा लावलं. पुन्हा पडलं.
नुसती लांबी भरलेली, बोटबोटभर,
वर पॉलिश.
क्लाइव्ह ढगांकडे बघू लागला.
कोंबड्या मात्र आमच्याकडेच बघत होत्या.

परतताना व्हॅनमध्ये चकार शब्द नाही.
मॅल्व्हर्नच्या टेकड्या आरशात लहान होत गेल्या.

रात्री अंघोळ करून, पलंगाच्या कडेला बसून
त्याने चुंबक पायजम्यावरून खुब्याला लावलं,
ऑक्टोबरात हेरेफर्डच्या इस्पितळात बसवलेल्या.
घसरलं. पुन्हा लावलं.
चटईवर पडलं.
टायटॅनियम आहे, मी सांगितलं, चिकटत नाही,
डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या कागदावर होतं.
"म्हणजे इथेही लांबीच," तो म्हणाला
आणि हसता हसता त्याला खोकला लागला.

मग विचारलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा:
तुला कुठली?

मी वाळूवाली म्हणणार होते, देवाशपथ.
पण आठवला तो नवा खुबा, पहिले दोन महिने:
जिन्यावर पाऊल वाजलं की मी दचकायचे,
घरात कोण शिरलंय?
आणि आता बागेच्या फाटकापासून ओळखते.
"ऑक्सफर्डची," मी म्हटलं,
"तिला स्वतःचा आवाज नाहीये अजून."

त्याने हो म्हटलं नाही. दिवा घालवला.

सकाळी शेडमधून ड्रिलचा आवाज.
जुन्या कुडीवरून तो नंबराची पट्टी उतरवत होता.
चार रिव्हेट. तीन सुटले,
चौथ्याला त्याने ज्या शिव्या दिल्या
त्या मी लग्नानंतर ऐकल्या नव्हत्या.

चुंबक सध्या फ्रिजवर आहे,
ऑक्सफर्डच्या पावतीवर,
फडक्यासकट.