बोंड

चन्नवीर हत्तुरे पिशवीतून झाकण काढतात.
मधोमध भोक. म्हणतात, ह्याला एक बोंड पाहिजे.
दुधासारखं पांढरं, हाताला न भाजणारं,
नगाला बारा रुपयांच्या आत, साडेचारशे नग.
अक्कलकोट रोडला एमआयडीसीत पत्र्याखाली
चव्वेचाळीस डिग्री. मी म्हणतो, इकडं सरका की,
पंख्याचं वारं फक्त लेथपाशीच येतं.

रॅकवर रॉड उभे असतात, सगळेच पांढरे.
भंगारवाल्याला विचारलं तर सगळंच नायलॉन.
ओळख पटवायची तर थोडा किस चिमट्यात धरायचा
आणि काडी ओढायची.
केस जळाल्याचा वास आला की नायलॉन.
नुकती विझलेली मेणबत्ती म्हणजे एचडीपीई,
बादल्या-बरण्यांच्या घरची.
अ‍ॅक्रिलिक गोड जळतं, जास्त पिकलेल्या फळासारखं.
डेल्रिनची ज्योत उजेडात दिसतच नाही,
थेट नाकात शिरते, डोळ्यांतून पाणी काढते.
पीव्हीसी मी जाळत नाही.
एकदा जाळलं होतं.

टेफ्लॉनचा भाव सांगितला
तेव्हा हत्तुऱ्यांनी तांब्या उचलून पाणी प्यायलं.

चार रॉड, चार बोंडं.
नायलॉनचा किस तुटत नाही,
टूलला गुंडाळत राहतो, बॉबिनवर सूत भरावं तसा.
डेल्रिनचा खोबऱ्यासारखा मोकळा पडतो,
हात लावला तर थंड वाटतो, त्या उन्हातसुद्धा.
मी चारही घरी नेली.
मापं माझ्याकडं असतात, स्वयंपाक अंबुजाकडं.

तिनं रात्रभर ती आमटीच्या पातेल्यात टाकली.
सकाळी नायलॉन हळद लावून बसलेलं, नवरदेवच,
आणि भोकात स्क्रू जाईना. पाणी पितं ते, फुगतं.
अ‍ॅक्रिलिकला स्क्रूभोवती केसाएवढी चीर.
एचडीपीईवर तिनं नख दाबलं, नख उमटलं.
डेल्रिन होतं तसं. पांढरं. मापात.
मी म्हटलं, झालं.
ती म्हणाली, काय झालं?
बाई घाईत झाकण काढून ठेवते कुठं?
गॅसच्या कडेलाच की.
मला ती न दिसणारी ज्योत आठवली.

मग कोपऱ्यातला हायलमचा तुकडा काढला,
कुठल्याशा मागाच्या गियरचा उरलेला.
तपकिरी, जड, धुळीला औषधी वास.
कापडाचे थर राळेत बुडवून, तापवून, दाबून केलेला.
टूल फिरलं तसे थर उघडे पडले,
एकाबाहेर एक वर्तुळं,
आणि कडेला अगदी बारीक ताणा, बाणा.
बोंडातून निघाला तो कापूस,
सूत झाला, कापड झाला, मागाचा दात होऊन फिरला,
माझ्या चकमध्ये परत बोंड झाला.
हे मी कुणाला बोललो नाही. दुकानात तसलं बोलत नाहीत.

हत्तुऱ्यांनी ते तळहातावर तोललं.
छान आहे, म्हणाले, पण गिऱ्हाईक पांढरं बघतं.
डेल्रिनची ऑर्डर झाली, नगाला अकरा ऐंशी.
मी झाकणाचा काठ बोटभर वाढवायला लावला
आणि बिलामागं लिहून दिलं: ज्योतीपासून चार बोटं लांब.
ते बिल कोण उलटून बघणार, मला माहीत नाही.

तपकिरी बोंड आमच्या पातेल्यावर आहे.
वडिलांना आता दिसत नाही फारसं.
मिल बंद झाली त्या वर्षापासून
त्यांनी नवं कापड बोटांनी चाचपून बघितलेलं नाही.
जेवताना झाकण उचलतात, अंगठा तिथंच थांबतो.
ह्यातलं सूत कितीचं रे?
मी उगाच म्हणतो, वीसचं असेल.
ते पुन्हा एकदा अंगठा फिरवतात,
आमटी निवते.
नाही, म्हणतात. सोळाचं.